पांढऱ्यावर पांढरं : मॅमोग्राफीच्या रिपोर्टमधलं एक अक्षर

[दृश्य : धंतोलीतलं डायग्नोस्टिक सेंटर, मॅमोग्राफीची खोली]

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा क्ष-किरण फोटो. त्यासाठी नागपूरच्या धंतोलीत गाडी लावायला जागा मिळाली की निम्मी तपासणी झाली म्हणायची. उमरेड-काटोलपासून थेट छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण नागपूरला येतात. कुणी मेडिकल म्हणजे सरकारी रुग्णालय गाठतं, कुणी तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, कुणी जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल.

मशीनची पारदर्शक पाटी हळूहळू खाली येते.

“काहून वो ताई, एवढं दाबून राहिल्या?”

“पसरलं तर साफ दिसते न काकू. श्वास रोखा... हं, झालं.”

दोन्ही बाजूंचे दोन-दोन फोटो. एक वरून, एक तिरपा.

[दृश्य : मॉनिटरवर शेजारी शेजारी दोन मॅमोग्राम]

क्ष-किरण चरबीतून सहज पार होतात, म्हणून चरबी काळपट दिसते. दूधग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू किरण अडवतात, ते पांढरे उमटतात. पंचाईत अशी की गाठही पांढरीच. डावीकडच्या काळपट चित्रात ती लगेच उठून दिसेल. उजवीकडच्या पांढऱ्या चित्रात म्हणजे कापसाच्या ढिगात पांढरा दोरा शोधणं.

या पांढऱ्याचं प्रमाण म्हणजे स्तनांची घनता. हाताला घट्ट लागतं की सैल, याच्याशी तिचा संबंध नाही. ती फोटोतच कळते. रिपोर्टमध्ये तिच्यासाठी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असतं : ए म्हणजे जवळजवळ सगळी चरबी, डी म्हणजे अतिशय दाट. शेजारी बाय-रॅड्स या ठरावीक पद्धतीतला आकडा असतो, तो कॅन्सरचा संशय किती ते सांगतो. घरी सगळे आकडाच वाचतात. ‘एक आलाय, नॉर्मल आहे’ म्हणून फाइल कपाटात जाते. पण डी असलेल्या बाईचा ‘एक’ आणि ए असलेल्या बाईचा ‘एक’ सारख्या भरवशाचा नाही, आणि ही गोष्ट तिला कुणीतरी तोंडाने सांगायला हवी.

[दृश्य : मॅमोग्रामवर सरकणारी बाह्यरेषा]

हे मोजायचं कसं? १९७६ साली डेट्रॉइटच्या डॉ. जॉन वुल्फ यांनी नुसत्या नजरेने चार प्रकार पाडले आणि दाट स्तनांत कॅन्सरचा धोकाही जास्त असतो, असं मांडलं. म्हणजे घनता गाठ लपवते, शिवाय स्वतःही जोखीम वाढवते. पण नजर ती नजर. एकाच फोटोला एक डॉक्टर बी म्हणतो, दुसरा सी.

मग संगणक आला. आधी पांढऱ्या भागाचं क्षेत्रफळ मोजलं गेलं. त्यातही खोट होती : स्तनाला जाडी असते, फोटोला नसते. नवी सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूपाशी किती किरण पोचले ते बघतात, दाबलेल्या स्तनाची जाडी आणि किरणांची शक्ती हिशेबात धरतात आणि दाट ऊती किती घनसेंटिमीटर ते काढतात. इथे आकडे फसवे वाटतात. व्होल्पारा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दाट ऊती स्तनाच्या घनफळाच्या साडेपंधरा टक्के झाल्या की तिथूनच डी सुरू होतो. पंधरा-सोळा टक्के वाचून ‘कमीच आहे की’ म्हणू नये.

[दृश्य : सोनोग्राफीची खोली]

अक्षर सी किंवा डी आलं की डॉक्टर बहुधा सोनोग्राफी सांगतात. इथे चित्र उलटं असतं : ग्रंथी उजळ, गाठ बहुतेकदा काळी. अतिशय दाट स्तनांसाठी एमआरआय आणखी नेमका. नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीत तो जोडल्यावर दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघडकीला येणारे कॅन्सर कमी झाले. खर्च मात्र सगळ्यांना झेपणारा नाही.

अमेरिकेत सप्टेंबर २०२४ पासून प्रत्येक मॅमोग्राफी केंद्राला घनतेची माहिती बाईला लेखी कळवावी लागते. आपल्याकडे विचारावं लागतं : “मॅडम, माझं अक्षर कोणतं? सोनोग्राफी करावी लागते का?” आणि पुढच्या खेपेला जुन्या फिल्म सोबत न्याव्यात. वय वाढतं, पाळी जाते, तशी घनता साधारणपणे उतरते. ती उतरायच्या ऐवजी एका बाजूला नवीन पांढरं दिसलं, तर ते जुन्या फिल्मशेजारी ठेवल्यावरच कळतं.