चार कशाला, एक का नाही?

(सुरुवात: पाऊस, ताडपत्री टाकलेल्या होड्या, मागे धूसर सुवर्णदुर्ग. दहा सेकंद नुसता पावसाचा आवाज.)

हर्णे बंदर. एरवी संध्याकाळी इथे मासळीचा लिलाव लागतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, आता बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, आणि खलाशी एकतर घरी नाहीतर असे शेडमध्ये जाळी दुरुस्त करत बसलेले. काम थोडं, वेळ भरपूर, खिशात सीझनच्या हिशोबाचे उरलेसुरले पैसे, मग काय होतं ते बंदरावरचं शेंबडं पोरही सांगेल. पण दारू सोडायला मदत करणाऱ्या समुपदेशक ताई म्हणतात, मला माणसं निवांत सापडतात तीही ह्याच दोन महिन्यांत, बाकी वर्षभर ती पाण्यात.

(क्लोजअप: हात, जाळं, प्लास्टिकची सुई.)

हे हात ज्यांचे आहेत त्यांचा चेहरा दिसणार नाही, तसं ठरलंय. ताई त्यांच्या समोर बसत नाहीत, बाजूला बसतात, दोघांची नजर जाळ्यावर. आमचा कॅमेरामन पहिल्या दिवशी दोघांचे चेहरे एका फ्रेममध्ये घ्यायला धडपडत होता, मग आमच्या लक्षात आलं की तोंडासमोर तोंड आलं की हा माणूस गप्प होतो आणि बोटं चालू असली की बोलतो.

"दादा, सोडायची असं कितपत वाटतं? शून्य ते दहामध्ये सांगा."

"चार."

"चार कशाला, एक का नाही?"

आपण असतो तर उलट विचारलं असतं, चारच का, दहा का नाही, आणि मग तो आपला बचाव करत बसला असता, अंग दुखतं, थंडी वाजते, सगळेच घेतात. ताईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर त्याला न पिण्याची कारणं शोधावी लागतात, स्वतःच, स्वतःच्या तोंडाने.

"पोरगी हाय ना वो. आता मी घरात आलो की ती मागच्या दारानं बाहेर जाते."

(इथे निवेदन नको. सुई थांबते, तो शॉट पूर्ण जाऊ दे.)

ह्याला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा मांडली, पुढे स्टीफन रोलनिक त्यांना येऊन मिळाले. नाव भारी आहे, काम मात्र गप्प बसून ऐकायचं, आणि ते आपल्याला जमत नाही. आपल्याला शपथ घालायची असते, देवळात नेऊन गाऱ्हाणं घालायचं असतं.

माळेचंच घ्या. दादांनी मागे माळ घातली होती, मोडली, तेव्हापासून घरात 'याच्याच्याने काय होणार नाय' हे पक्कं. ताईंनी एवढंच विचारलं, किती दिवस टिकली? आठ महिने. मग आठ महिने कसे काढलेत? आता हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नव्हता, सगळ्यांनी फक्त मोडलेला दिवस धरून ठेवलेला.

रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दिवसभरातच हात थरथरायला लागतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जातो, म्हणून ताई आधी डॉक्टरकडे पाठवतात. ते दिवस आम्ही शूट केले नाहीत.

(वहिनी चूल पेटवताना, पाठमोऱ्या.)

वहिनींची मागणी वेगळी होती. चहातून द्यायची गोळी द्या, त्यांना कळता नये. अशी गोळी असते, डायसल्फिराम, पण ती घेऊन वर दारू प्यायली तर उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, माणूस दगावूही शकतो. त्याला न सांगता द्यायचीच नाही. ताई यावर जवळजवळ भांडल्याच, अख्ख्या शूटिंगमध्ये आवाज चढलेला तेवढाच.

(कॅलेंडरचं उलटं पान, पेन.)

आता हे बघा, हा आमचा आवडता शॉट. जेटीपासून घरापर्यंतचा रस्ता दादांनी स्वतः काढलाय, वळणं, पिंपळ, पंप, आणि त्यावर तीन लाल ठिपके. ठिपका म्हणजे जिथे पाय आपोआप वळतात ती जागा. ताई ठिपके पुसायला सांगत नाहीत, दुकानं काय उठणार नाहीत तिथून. त्या विचारतात, दुसरी वाट आहे? आहे, पाणंदीतून, दहा मिनिटं जास्त, पावसात चिखल. पैसे कोणत्या वारी मिळतात? बरोबर कोण असतं? पोटात काही असतं का तेव्हा? तलफ लाटेसारखी असते, चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते, तेवढा वेळ कुठे काढायचा ते आधीच ठरवून ठेवायचं. हिशोबाचे पैसे तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, वहिनींच्या हातात देणार, हेही दादांनीच सुचवलं.

(छत्री, पाणंद, पाठमोरी चाल. लांब शॉट.)

व्यसनमुक्ती म्हटलं की आपल्याला १९८६ पासून चालणारं पुण्याचं मुक्तांगण आठवतं, पण इथून घाट चढून पुण्याला राहायला जाणं सगळ्यांना जमत नाही. २०१९ च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला कसले ना कसले उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीचे ३७ अशाच शेडमध्ये कुठेतरी बसलेत. ताईंसारखी माणसं बंदराबंदरावर का नाहीत, हे आम्हाला अजून कोणी धड सांगितलेलं नाही. (स्क्रीनवर: १४४४६, मोफत हेल्पलाइन.)

(ऑगस्ट. होड्या पाण्यात, नारळ, गुलाल.)

नारळी पौर्णिमेला दादांनी घेतली. चौथ्या दिवशी स्वतःच ताईंकडे आले, मान खाली, कॅलेंडरचं ते पान खिशात घडी घालून. ताईंनी पान उघडलं, पेन पुढे केलं.

"कुठल्या वाटेने गेलात, दाखवा."