वारं गेलेलं अंग आणि सुया

अंगावरून वारं गेलेल्या माणसाला घरी आणलं की आठवडाभरात घरचे मला विचारतात, "ताई, सुया टोचून घ्यायच्या का? चीनमध्ये टोचतात म्हणे." टोचतात, हे खरं आहे. तियानजिनच्या डॉ. शी शुएमिन यांनी १९७२ साली बसवलेली पद्धत तिथे नावाजलेली आहे. तिच्यात मनगटाच्या आतल्या बाजूला, नाकाखालच्या खोबणीत आणि घोट्याच्या वर सुया देतात. सोलापुरात बोलतेय म्हणून सांगते, १९३८ साली आपले डॉ. कोटणीस ज्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी पुढे १९५९ साली ॲक्युपंक्चर भारतात आणलं.

मला मात्र गोष्ट सांगायचीय ती स्वीडनची. लुंडच्या डॉ. बार्ब्रो योहान्सन यांनी १९९३ मध्ये ७८ पेशंटांचा अभ्यास छापला. सगळ्यांना नेहमीचा व्यायाम होताच. काहींना अर्धांगाच्या झटक्यानंतर थोड्याच दिवसांत, आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे सुयाही दिल्या. सुयावाले जास्त चांगले सावरले. पण त्यांच्याजवळ दर खेपेला कुणीतरी जास्तीचं बसत होतं, हात लावत होतं, धीर देत होतं. मग गुण सुयांचा, की त्या सोबतीचा? बाईंनी पुन्हा अभ्यास केला. या वेळी १५० पेशंट, आणि तुलनेच्या गटाला सुयांऐवजी जाणवणारही नाही इतका सौम्य विजेचा करंट, म्हणजे सोबत त्यांनाही मिळालीच. २००१ मध्ये निकाल छापला: वर्षानंतरही गटांमध्ये फरक नाही. आपल्याच आशेला छेद देणारा निकाल त्यांनी आपल्या नावाने छापला, याचं मला फार मोल वाटतं. २०१६ मध्ये कॉक्रेनने, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास गोळा करून पारखणाऱ्या संस्थेने, ३१ अभ्यास एकत्र तपासले. उपयोग होत असेल, पण अभ्यासांचा दर्जा कच्चा, भरवसा ठेवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

म्हणून मी सुयांना आडवी येत नाही. शिकलेल्या माणसाकडून, दर वेळी नवी सुई, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. पण सुया घेतल्या म्हणून त्या दिवशीचा व्यायाम चुकवलेला मला चालत नाही. आवळलेली मूठ एकेक बोट सोडवत उघडायची, तळवा धुऊन कोरडा करायचा, मग टेबलावर फडकं ठेवून दोन्ही हातांनी पुढे-मागे सरकवायचं. आणि पेशंटला लुळ्या हाताला धरून उठवू नका, खांदा निसटतो.

आणखी एक. व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो: झटका आला की दहाही बोटांची टोकं टोचून रक्त काढा, तोवर हलवू नका. पण मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही स्कॅन झाल्यावर. एक काका आमच्याकडे आले तेव्हा दहाही बोटांवर सुकलेल्या रक्ताचे ठिपके होते. मुलाने हळुवारपणे, एकेक करून टोचलं होतं. १०८ला फोन त्यानंतर केला होता, आणि काका आमच्याकडे पोचेस्तोवर सहा तास उलटले होते.