‘गहाळ’ लिहा साहेब

नमस्कार मंडळी! अध्यक्ष म्हणाले होते, एखाद्या पुस्तकावर हलकंफुलकं बोल आणि आटप, लोकांना भुका लागल्यात. बोलणारही होतो तसंच, पण मंगळवारी रात्री लेकीने एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून माझं काही खरं नाही.

आम्ही दोघं रोज एका कादंबरीची चार-चार पानं वाचतो. ती ‘ध’ आणि ‘घ’ मध्ये अडकते, मी तिच्यावर ओरडतो, बायको माझ्यावर. कादंबरी एका नव्या फौजदाराची आहे. एमपीएससी काढून, नाशिकच्या अकादमीतून खांद्यावर दोन स्टार घेऊन आलेलं पोरगं. एक म्हातारी येते, मोबाईल चोरीला गेला म्हणते, आणि हा सरळ ‘चोरी’ लिहायला घेतो. हवालदार हळूच म्हणतो, साहेब, ‘गहाळ’ लिहा. बस्स, या एका शब्दावर पुढची पन्नास पानं. कारण चोरी लिहिली की एफआयआर आला, तपास आला, क्राईम मीटिंगला आकडा वाढला म्हणून वरच्यांच्या शिव्या आल्या. गहाळचं काय, शिक्का मारा, कागद द्या, मोकळे. हप्ते, वाळूचे ट्रक, सगळं नंतर येतं, पण सुरुवात या शब्दाने. पोरगं ऐकत नाही आणि एक दिवस ‘कंट्रोलला अटॅच’, म्हणजे ठाण्यातून काढून कंट्रोल रूमला बसवलं.

“असं कसं काढतात रे बाबा?” लेकीने विचारलं. मी लगेच ज्ञान पाजळलं, सुप्रीम कोर्टाने २००६ साली प्रकाश सिंह केसमध्ये सांगितलंय की पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षं हलवायचं नाही, पण हा बिचारा कुठला प्रमुख, आणि कारणं काय, शोधली की सापडतात...

“मग यात व्हिलन कोण?”

“सिस्टीम गं.”

“म्हणजे तू का?”

आता हे ऐका. गेल्या डिसेंबरात भारतात गेलो होतो तेव्हा बसमध्ये माझा फोन चोरीला गेला. ठाण्यात लेक भिंतीवरचं ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ अक्षर अक्षर लावून वाचत होती, मी आपला कौतुकाने बघतोय, आणि टेबलामागच्या तरुण फौजदाराने हसून तिला अर्थ सांगितला. मग पेन उघडलं, म्हणाला बोला, चोरी कुठे झाली. आणि मी, मंडळी, मी स्वतः म्हणालो, साहेब, ‘गहाळ’च लिहा ना, चार दिवसांनी फ्लाईट आहे, मला फक्त सिमसाठी कागद हवाय. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. पेन थांबलं. मग लिहिलं त्याने, गहाळ.

विसरलो होतो मी हे. ती विसरली नव्हती.

हसू नका, आपल्या ग्रुपवर दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतं, पासपोर्टचं व्हेरिफिकेशन अडकलंय, पोलिसात कुणी ओळखीचं आहे का? खाली आपणच सात-आठ नंबर टाकतो, आणि त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी घरी बसून तिकडे सगळं कसं सडलंय यावर दोन तास. इथे स्पीडिंगचं तिकीट आलं की मात्र निमूट भरतो, ओळख काढत नाही. निदान मी तरी नाही काढली, तीनदा आलंय.

कादंबरीची शेवटची साठ पानं राहिलीत. मंगळवारपासून तिने पुस्तक उघडलेलं नाही. काल एवढंच विचारलं, त्या दादाचं नाव काय होतं? छातीवर नेमप्लेट होती त्याच्या. मी वाचली नव्हती.