एकेक डॉलरची पुडकी

श्रोतेहो, नमस्कार.

१२ मार्च १९३३, रविवारची रात्र. अमेरिकेत घरोघरी माणसं रेडिओभोवती बसली होती. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट पदावर येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि ते बोलत होते देशभर बंद असलेल्या बँकांविषयी. आपण ठेवलेल्या पैशाचं बँक काय करते, सगळ्यांनी एकदमच पैसे मागितले तर काय होतं, हे त्यांनी घरातल्या माणसाला समजवावं तसं सांगितलं. पुन्हा उघडलेल्या बँकेतला पैसा गादीखालच्या पैशापेक्षा सुरक्षित आहे, अशी ग्वाही दिली. दुसऱ्या दिवशी, १३ मार्चला, बँका उघडू लागल्या, आणि घाबरून पैसे काढून नेलेले लोक ते परत भरायला रांगेत उभे राहिले. रेडिओवरच्या एका भाषणानं हे घडलं, म्हणून माइकसमोर बसताना मला त्या रात्रीची आठवण येतेच.

बरोबर एक वर्षानं, १३ मार्च १९३४ ला दुपारी, आयोवा राज्यातल्या मेसन सिटीत फर्स्ट नॅशनल बँकेसमोर एक ब्युइक गाडी येऊन थांबली.

मेसन सिटी म्हणजे विटा, कौलं आणि सिमेंटच्या कारखान्यांचं गाव. वस्ती तेवीस हजारांच्या आसपास, आणि भोवती मक्याची शेतं. त्या मक्याचा भाव इतका पडला होता की कोळसा घेण्यापेक्षा मकाच चुलीत घालणं शेतकऱ्याला परवडत होतं. गहाण जमिनींचे लिलाव रोजचेच झाले होते. याच राज्यात, ल मार्स गावी, एप्रिल १९३३ मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी न्यायाधीशाला भर कोर्टातून ओढून नेलं आणि त्याच्या गळ्यात फास अडकवला. जप्तीच्या हुकमांवर सही करणार नाही अशी शपथ त्याच्याकडून हवी होती. ती त्यानं दिली नाही. जीव वाचला, एवढंच.

अशा दिवसांत बँक लुटणाऱ्याबद्दल लोकांना काय वाटत असेल? बँका लुटणाऱ्या जॉन डिलिंजरचं चित्र सिनेमागृहाच्या पडद्यावर आलं की टाळ्या पडत. दहाच दिवसांपूर्वी तो इंडियानातल्या क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून पळाला होता. लाकडाचं पिस्तूल दाखवून पळाला, ही गोष्ट तर तेव्हा पोरासोरांच्या तोंडी होती. मला त्या टाळ्या समजतात. बँकेच्या बंद शटरसमोर पासबुक हातात धरून मीही एकदा उभा राहिलो आहे. त्या वेळी मनात कोणाकोणाविषयी काय येतं, हे मला कुणी सांगायला नको. पण तिजोरीत मालकाचा पैसा नसतो, तुमचा-माझा असतो, हेही त्या शटरसमोरच मला कळलं. म्हणून या कथेत माझं मन डिलिंजरपाशी रमत नाही. ते थांबतं हॅरी फिशरपाशी. हा फिशर त्या बँकेत असिस्टंट कॅशियर होता.

त्या ब्युइकमधून बँक लुटायला आलेली टोळी सहा जणांची. डिलिंजर, जॉन हॅमिल्टन, होमर व्हॅन मीटर, एडी ग्रीन, टॉमी कॅरोल आणि लेस्टर गिलिस, ज्याला सगळे 'बेबी फेस' नेल्सन म्हणत. बँकेत दरवाजाच्या वरच्या अंगाला पहारेकऱ्यासाठी पोलादी पत्र्याची आणि गोळीला दाद न देणाऱ्या काचेची एक खोपटी होती. तिथून पहारेकऱ्यानं अश्रुधुराचं नळकांडं झाडलं, ते एका दरोडेखोराच्या पाठीत बसलं. पण नंतर बंदूकच अडकली. खाली गिऱ्हाईकं हात वर करून उभी, धुरानं सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी वाहतंय, वर गोळीबार चालू.

आत तिजोरीच्या खोलीला गजांचं दार होतं. ते लागलं तेव्हा फिशर आत होता आणि हॅमिल्टन बाहेर. दार उघडता येत नाही, गजांमधून पैसे देतो, असं फिशरनं सांगितलं. आणि मग त्यानं द्यायला सुरुवात केली ती एकेक डॉलरच्या नोटांची पुडकी. मोठ्या नोटा मागे शेल्फवर तशाच. हॅमिल्टनला त्या गजांतून दिसत होत्या, तो पिस्तूल रोखून ओरडत होता, आणि फिशर पुन्हा एक पुडकं उचलत होता, एकच्या नोटांचं. श्रोतेहो, छातीवर पिस्तूल असताना हात चटचट चालतात, ते सावकाश चालवायला काय लागत असेल? बाहेरून साथीदारांच्या हाका येऊ लागल्या. हॅमिल्टनला निघावं लागलं. टोळीच्या हाती लागले सुमारे ५२ हजार डॉलर. तिजोरीत राहिले दोन लाखांच्या वर.

बाहेर नेल्सन मशीनगन घेऊन बेभान झाला होता. रस्त्यानं जाणाऱ्या शाळा मंडळाच्या सचिवाच्या पायात त्यानं गोळी घातली. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जॉन शिपली या वृद्ध न्यायाधीशांचं कार्यालय होतं. त्यांनी जुनं पिस्तूल काढलं आणि खिडकीतून नेम धरला. एक गोळी डिलिंजरला लागली, दुसरी हॅमिल्टनला.

मग टोळीनं माणसांची ढाल केली. गाडीच्या पायदानांवर, पुढं, मागं, वीसेक स्त्री-पुरुष उभे केले. पोलिसांना गोळी झाडता येईना. मागं येणाऱ्या गाड्यांचे टायर फुटावेत म्हणून रस्त्यावर खिळे टाकत ती जड गाडी गावाबाहेर पडली. राज्याची हद्द ओलांडली की पाठलाग तुटायचा, आणि मिनेसोटा जवळच होतं. दोन महिन्यांनी, मे १९३४ मध्ये, असा दरोडा हा केंद्र सरकारच्या कायद्याखालचा गुन्हा झाला आणि ती पळवाट बुजली. नोव्हेंबर संपेपर्यंत सहाही जण गोळ्या लागून मेले होते.

पण त्या दुपारी सगळे पसार झाले. गावकऱ्यांना वाटेत एकेक करून उतरवलं. जखमी डिलिंजर आणि हॅमिल्टन सेंट पॉलला डॉक्टर शोधत गेले. आणि त्यांच्या पिशव्यांत पुडकी होती, एकेक डॉलरची.

नमस्कार.