ऑर्गॅनिक, बायोडायनॅमिक, नॅचरल: ठाण्या-वाशीच्या दुकानात वाईन निवडताना

नमस्कार मंडळी.

[टेबलावर तीन बाटल्या, लेबलं कॅमेऱ्याकडे]

या तीन बाटल्या बघा. पहिलीवर लिहिलंय ऑर्गॅनिक, दुसरीवर बायोडायनॅमिक, तिसरीवर नॅचरल. ठाण्यात काय किंवा वाशी-नेरुळला काय, दुकानात हे तिन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात: "केमिकल नसलेली वाईन." तसं नाहीये. पहिला शब्द सांगतो, बागेत काय फवारलं. दुसरा सांगतो, ती बाग कोणत्या पद्धतीने सांभाळली. तिसरा सांगतो, द्राक्षं वायनरीत आल्यावर त्यांना किती कमी हात लावला. आणि एक चौथी गोष्ट आहे, ती कुठल्याच बाटलीवर लिहिलेली नसते: ही बाटली इथपर्यंत किती गारव्यात आली. आपल्या हवेत ती चौथी गोष्ट आधी बघायची असते, असं आमचं स्पष्ट मत आहे. का, ते सांगतोच.

हा भाग अर्थातच कायद्याने वय झालेल्यांसाठी आहे.

आधी ऑर्गॅनिक. ऑर्गॅनिक म्हणजे फवारणीच नाही, हा पहिला गैरसमज. द्राक्षवेल नाजूक असते. नाशिकचंच घ्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि मग नेमका कोवळ्या फुटीवर, फुलोऱ्यावर अवकाळी पाऊस येतो. दोन दिवस पान ओलं राहिलं की केवडा, म्हणजे डाऊनी, घडापर्यंत पोचतो. हवा कोरडी झाली की भुरी. साध्या बागेत अशा वेळी आंतरप्रवाही बुरशीनाशक मारतात, ते पानाच्या आत शिरतं आणि काही दिवस टिकतं. ऑर्गॅनिक बागायतदाराला ते चालत नाही. त्याच्याकडे भुरीसाठी गंधक, केवड्यासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, शिवाय ट्रायकोडर्मासारख्या जैविक बुरशी. गंधक आणि बोर्डो दोन्ही स्पर्शजन्य. पानाच्या वरच राहतात, पावसाने धुऊन जातात, म्हणजे पाऊस पडला की परत टाकी भरायची.

यात एक खरी अडचण आहे आणि ती लपवू नये. मोरचुदातलं तांबं मातीत साठत जातं, विरघळून नाहीसं होत नाही. जास्त झालं की गांडुळांना आणि मातीतल्या जिवाणूंना त्रास होतो. म्हणून युरोपियन युनियनने मर्यादा घातली आहे: सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांबं, म्हणजे वर्षाला सरासरी 4 किलो. ऑर्गॅनिक हा शब्द "काहीच वापरलं नाही" असं सांगत नाही. "ठरलेल्या यादीतलंच आणि ठरलेल्या मापातच वापरलं, आणि कोणीतरी येऊन तपासलं" असं सांगतो. साध्या शेतीतून यात यायचं तर द्राक्षासारख्या बारमाही पिकाला तीन वर्षांचा रूपांतरकाळ लागतो.

आता वायनरीच्या आत. 2012 च्या हंगामापर्यंत युरोपात लेबलवर "ऑर्गॅनिक वाईन" असं लिहिताच येत नव्हतं, "ऑर्गॅनिक द्राक्षांपासून केलेली वाईन" एवढंच लिहिता यायचं. त्या वर्षी नियम आले आणि सल्फाइटची, म्हणजे वाईन टिकावी म्हणून घालतात त्या गंधकाच्या संयुगाची, मर्यादा ठरली. कोरड्या, म्हणजे साखर न उरलेल्या लाल वाईनला लिटरला 100 मिलिग्रॅम, पांढऱ्या आणि रोझेला, म्हणजे गुलाबी वाईनला, 150. साध्या वाईनसाठी हेच आकडे 150 आणि 200 आहेत. अमेरिकेत मात्र "ऑर्गॅनिक वाईन" म्हणजे वरून सल्फाइट घालायचंच नाही; आणि "ऑर्गॅनिक द्राक्षांपासून केलेली" असेल तर 100 पर्यंत चालतं. म्हणजे एकाच शब्दाचे दोन ठिकाणी दोन अर्थ. बाटली कुठली आहे ते बघितल्याशिवाय शब्दाला अर्थ नाही.

[बाटली फिरवून मागचं लेबल जवळून]

म्हणून बाटली फिरवा. युरोपची असेल तर बारा ताऱ्यांनी बनलेलं हिरवं पान शोधा. पानाजवळ एक कोड असतो, उदाहरणार्थ "एफआर-बायो-01". पहिली दोन अक्षरं देशाची, शेवटचा आकडा तपासणाऱ्या संस्थेचा. कोड आहे म्हणजे तपासणी झाली आहे. भारतीय वाईन असेल तर "जैविक भारत" हे चिन्ह बघा. 2017 च्या नियमांनुसार ऑर्गॅनिक म्हणून विकायचं तर एनपीओपी (तपासणी संस्थेकडून प्रमाणपत्र देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम) किंवा पीजीएस (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासण्याची पद्धत) यांपैकी एका पद्धतीचं प्रमाणपत्र लागतं. नुसतंच "नैसर्गिक पद्धतीने पिकवलेली" असं छापलेलं असेल तर तो उत्पादकाचा शब्द झाला. तो खोटाच असेल असं नाही, लहान बागायतदाराला प्रमाणपत्राचा खर्च जड जातो. पण ते वाक्य प्रमाणपत्राच्या किमतीला विकत घेऊ नका. "सस्टेनेबल" हा शब्द तर वेगळाच आहे. पाणी वाचवलं, सौरऊर्जा वापरली, चांगलीच गोष्ट. पण फवारणीबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

बायोडायनॅमिक. 1924 मध्ये रुडॉल्फ श्टायनर यांनी शेतकऱ्यांसमोर व्याख्यानमाला दिली, तिथून ही पद्धत निघाली. द्राक्षाच्या कितीतरी आधी ती एकूण शेतीसाठी होती. शेत म्हणजे एक सजीव, जनावरं, झाडं, माती सगळं त्याचेच अवयव, खत बाहेरून आणायचं नाही, असा त्यामागचा विचार. सगळ्यात प्रसिद्ध काय, तर शिंगखत, क्रमांक 500. गाईचं ताजं शेण गाईच्या शिंगात भरून थंडीचे सहा महिने जमिनीत पुरायचं. बाहेर काढल्यावर त्याचा शेणासारखा वास येत नाही, पावसाळ्यातल्या मातीसारखा येतो. आपल्याकडे एकरी साधारण 25 ते 30 ग्रॅम घेतात, 13 ते 15 लिटर कोमट पाण्यात तासभर ढवळतात. एका दिशेने भोवरा पडेपर्यंत, मग उलट दिशेने, परत सुलट. मग संध्याकाळी जमिनीवर शिंपडतात. 501 मध्ये शिंगात गारगोटीची पूड असते, ती पानांवर धुक्यासारखी मारतात, एकरी जेमतेम एक ग्रॅम. शिवाय चंद्राच्या स्थितीवरून मूळ, पान, फूल आणि फळ असे दिवस पाळतात.

याने वाईनची चव बदलते का? शिंगखतामुळे चव बदलते असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पण ही बाटली बाजूला ठेवायचं तेही कारण नाही. डिमिटर या संस्थेचं नारिंगी चिन्ह मिळवायला ऑर्गॅनिकचे नियम तर पाळावेच लागतात, वर शेताचा दहावा हिस्सा जैवविविधतेसाठी राखावा लागतो, आणि वायनरीतले नियमही युरोपच्या ऑर्गॅनिकपेक्षा कडक आहेत. एवढं सगळं करणारा माणूस सतत बागेत असतो, रोग पहिल्या पानावर दिसतो त्याला. आम्हाला वाटतं फरक पडतो तो तिथे. चिलीची एमिलियाना, फ्रान्समधली शापुतिए ही या पद्धतीतली मोठी आणि जुनी नावं. लेबलवर "बायोडायनॅमिक वाईन" आहे की "बायोडायनॅमिक द्राक्षांपासून" आहे, एवढं बघा. दुसऱ्यात वायनरीतले नियम सैल असतात.

आता नॅचरल. इथे जरा थांबू या, कारण ग्राहकाचे पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात.

नॅचरल वाईनची जगभर मान्य अशी कायदेशीर व्याख्या नाही. फ्रान्समध्ये 2020 पासून "व्हँ मेतोद नात्यूर" अशी एक सनद आहे: प्रमाणित ऑर्गॅनिक द्राक्षं, हाताने तोडणी, बागेतूनच आलेलं यीस्ट, थोडं सल्फाइट सोडलं तर वरून काही घालायचं नाही. तिची दोन चिन्हं आहेत, एक अजिबात सल्फाइट न घातलेल्या वाईनसाठी, दुसरं लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आतल्या वाईनसाठी. ही सनद सोडली तर नॅचरल हा ज्याचा त्याचा शब्द.

यीस्टचा मुद्दा स्वयंपाकघरातून लगेच कळतो. ताज्या, खात्रीच्या विरजणाने दही लावलं की रोज सारखं लागतं. इडलीचं पीठ मात्र हवेच्या भरवशावर आंबतं. कधी अप्रतिम, कधी आंबट ढाण. निवडक यीस्ट म्हणजे विरजण, बागेतलं यीस्ट म्हणजे ते पीठ. आणि पीठ बिघडू नये म्हणून वाईनमध्ये जो राखणदार असतो, तो सल्फर डायऑक्साइड, म्हणजेच मघाचं सल्फाइट. तो प्राणवायूला अडवतो आणि जिवाणूंना रोखतो.

हा राखणदार किती लागतो ते वाईनच्या आंबटपणावर ठरतं. आंबटपणाचं माप म्हणजे पीएच, आकडा जितका कमी तितकी वाईन आंबट. पीएच 3.2 असेल तर जिवाणूंना रोखायला लिटरला साधारण 20 मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड पुरतो. पीएच 3.8 झाला की त्याच संरक्षणासाठी 80 च्या आसपास लागतो. चौपट! आणि उष्ण प्रदेशात द्राक्ष पिकताना त्यातलं आम्ल झपाट्याने उतरतं, पीएच चढतो. म्हणून थंड डोंगराळ भागात सल्फाइट न घालता जे जमतं, ते गरम पट्ट्यात तसंच जमेल असं नाही. नॅचरल वाईन घेताना थंड प्रदेशातली, जास्त आंबट, कमी अल्कोहोलची बघा, म्हणजे 11 ते 12.5 टक्क्यांची. 14.5 टक्क्यांची, सल्फाइट न घातलेली लाल वाईन पहिल्यांदाच घेत असाल तर आम्ही नको म्हणू.

"सल्फाइट-फ्री" असं कोणी सांगितलं तर तेही बरोबर नाही. यीस्ट आंबवताना स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं. "वरून घातलेलं नाही" एवढंच म्हणता येतं. डोकेदुखीचं खापरही यावर फुटतं. वाळवलेल्या जर्दाळूत युरोपच्या नियमाने किलोला 2000 मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालतं, आणि आपल्याकडे पिवळेधमक बेदाणे करायलाही गंधकाची धुरी देतात. जर्दाळू खाऊन डोकं दुखत नसेल तर वाईनमध्ये आधी अल्कोहोलकडे बघा, ते तिन्ही बाटल्यांत असतंच. दमा असलेल्यांपैकी काहींना मात्र सल्फाइटचा खरोखर त्रास होतो. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच बाटली उघडू नये, नॅचरलही.

आता ती चौथी गोष्ट. परदेशी वाईन समुद्राने येते, आपल्या भागात न्हावा-शेवाला उतरते. कंटेनर साधा असेल आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंदरावर किंवा गोदामात पडून राहिला, तर आतली वाईन शिजते. सल्फाइट असलेली वाईन निदान थोडं सोसते, नसलेली सोसत नाही. बाटलीत उरलेलं यीस्ट जागं होतं, जिवाणू वाढतात. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा: हा माल रीफर, म्हणजे आतून थंड ठेवलेल्या, कंटेनरने आला का, आणि दुकानात रात्री एसी बंद करता का? उत्तर देताना तो घुटमळला तर नॅचरल तिथून घेऊ नका, ऑर्गॅनिक घ्या. मग बाटली तपासा. बूच काचेच्या कडेच्या वर आलंय का? वरच्या वेष्टनाखाली चिकट ओघळ आहे का? मानेतली पातळी शेजारच्या बाटल्यांपेक्षा खाली आहे का? यातलं एक जरी दिसलं तर बाटली परत फळीवर. खिडकीपाशी उन्हात ठेवलेली किंवा ट्यूबलाइटखाली महिनोन्‌महिने उभी असलेली बाटलीही नको, विशेषतः रंगहीन, पारदर्शक काचेची. आयातदाराच्या स्टिकरवर महिना-वर्ष असेल तर तेही वाचा. नॅचरल पांढरी जितकी ताजी तितकी बरी.

घरी नेताना गाडीच्या डिकीत ठेवून मॉलमध्ये शिरू नका, मे महिन्यात बंद गाडी भट्टी होते. घरी वाईन फ्रिज नसेल तर साधा फ्रिज चालेल, नॅचरल तर त्यातच ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत उघडा. लाल असेल तर प्यायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा. "पेट-नॅट" म्हणजे आंबणं पूर्ण व्हायच्या आधी बाटलीत भरलेली फेसाळ वाईन. ती रात्रभर उभी गार करा आणि सिंकवर धरून हळू उघडा, नाहीतर अर्धी छताला जाते.

[ग्लासमध्ये गढूळ वाईन ओततो]

ही गढूळ आहे, खाली साका आहे. हे बिघडणं नाही, गाळलेली नाही एवढंच. नुकतं उघडल्यावर कुजक्या अंड्याचा वास आला तरी घाई नको. जगमध्ये ओतून दहा मिनिटं ठेवा, बहुतेकदा उडून जातो. नेलपॉलिशचा झणझणीत वास, किंवा काप करून ठेवून तपकिरी पडलेल्या सफरचंदासारखा वास मात्र जात नाही. आणि सगळ्यात फसवा दोष म्हणजे उंदीरवास. नाकाला काहीच कळत नाही, घोट गिळल्यावर काही सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्यासारखी, सादळलेल्या चुरमुऱ्यांसारखी चव जिभेमागे येते. लाळेने वाईनचा आंबटपणा उतरतो तेव्हाच तो वास सुटतो, आणि काहींना तो कधीच जाणवत नाही. शंका असेल तर दोन थेंब मनगटावर चोळा, थोडं थांबा, मग हुंगा. कातडी वाईनपेक्षा कमी आंबट, त्यामुळे दोष असेल तर तिथे कळतो. तो आला तर ती बाटली हवेत ठेवून सुधारत नाही, उलट वाढतो. बूच लावा, पावती शोधा, दुसऱ्या दिवशी दुकानात परत न्या.