मावशींचा हात

(दृश्य : डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं घर. सकाळची वेळ. जमिनीवर पाट, शेजारी कोमट तेलाची वाटी.)

बाळाला मालिश करणाऱ्या मावशी आल्या आल्या आधी पंखा बंद करायला लावतात. मग हात धुतात, बांगड्या काढून खिडकीत ठेवतात, पाटावर बसून पाय लांब पसरतात आणि बाळाला दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत निजवतात. डोकं त्यांच्या पावलांकडे, पाय पोटाकडे. एवढं सगळं बेतानं झालं की मगच दुपटं सुटतं.

पंख्याचा हा हट्ट उगाच नाही. नवजात बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठा, आणि कातडीखाली चरबी कमी. उघडं बाळ बघता बघता गार पडतं, आणि गारठलेलं बाळ कितीही चांगल्या हाताने शांत होत नाही.

आपल्याकडे बाळंतीण घरी आली की मालिशवालीचा शोध सुरू होतो. सव्वा महिना ती रोज येते. आजीचा तिच्यावर विश्वास, डॉक्टरांना थोडी शंका, आणि नवीन आई या दोघांच्या मधे. या भांडणात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे.

(दृश्य : मावशींचा तळवा बाळाच्या खांद्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सावकाश सरकतो.)

या हाताची चाल पाहा. माणसाच्या केसाळ कातडीत काही बारीक मज्जातंतू असे आहेत, की ते हळू आणि उबदार स्पर्शालाच नीट दाद देतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर, एवढाच वेग त्यांना मानवतो. म्हणजे बाळाच्या खांद्यावरून निघालेला हात पायापर्यंत पोचायला चारपाच सेकंद तरी लागायला हवेत. घाईत असलेली मावशी हे अंतर एका सेकंदात उरकते, आणि बाळ ओरडायला लागतं. मग घरचे म्हणतात, "रडू दे, फुप्फुसं मोकळी होतात." तसं काही नसतं. जन्मताना घेतलेल्या पहिल्या श्वासांतच ती मोकळी झालेली असतात.

दाबाचं मात्र उलट आहे. अगदी फुलासारखा हात फिरवला तर बाळाला गुदगुल्या होतात, ते अंग चोरतं. अमेरिकेत मायामी इथे मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेला अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. १० दिवस, रोज ३ वेळा, १५-१५ मिनिटं बाळांच्या अंगावरून हात फिरवला आणि हातपाय हलकेच हलवले. या बाळांचं वजन इतरांपेक्षा ४७ टक्के जास्त वेगाने वाढलं, आणि ती सुमारे ६ दिवस आधी घरी गेली. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की फायदा मध्यम दाबाने होतो. त्या दाबाने पोटाकडे जाणारी व्हेगस नस जागी होते, आतडी चालू लागतात, खाल्लेलं अंगी लागतं.

तेलाबद्दल मुंबईचाच दाखला आहे. सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ साली खोबरेल तेल आणि खनिज तेल (बाजारातल्या बेबी ऑइलमध्ये असतं तसं) यांची तुलना प्रसिद्ध केली. खोबरेल लावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन जास्त चांगलं वाढलं. कोकणातल्या आज्यांना यात नवल वाटणार नाही. मोहरीचं तेल मात्र नाजूक कातडीला झोंबू शकतं, ते टाळलेलं बरं.

(दृश्य : मावशींची बोटं पोटावर गोल फिरतात.)

पोटावर हात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. मोठं आतडं उजवीकडून वर चढतं, आडवं जातं आणि डावीकडे खाली उतरतं, हात त्याच वाटेने जातो. मग गुडघे दुमडून हळूच पोटाशी नेले, की अडकलेला वारा कधी कधी लगेच सुटतो. घरात हशा पिकतो.

आता डॉक्टरांची बाजू. नाक सरळ व्हावं म्हणून ते ओढणं, डोकं गोल व्हावं म्हणून दाबणं, बाळाला पाय धरून उलटं लटकवणं, हे बंद व्हायला हवं. प्रसूतीत लांबुळकं झालेलं डोकं काही दिवसांत आपोआप आकार घेतं. टाळू तेलाने भरत नाही. ती साधारण दीड वर्षापर्यंत हाडानेच भरते. बाळाची छाती सुजलेली दिसते ती आईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे, ती पिळली तर गळू होण्याची भीती. नाकाकानात तेल नको, नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. आणि शेगडीवरची धुरी बाळाच्या श्वासाला त्रासाचीच.

चांगली मावशी हे सांगितलं तर ऐकते. तिचं खरं कसब बाळाचा चेहरा वाचण्यात आहे. बाळाने तोंड फिरवलं, मुठी आवळल्या, उचक्या लागल्या, की ती थांबते. दूध पाजून लगेच ती बाळाला हात लावत नाही. लस टोचलेल्या मांडीला तेल लावत नाही. ताप असेल तर चहा पिऊन परत जाते.

मालिश म्हणजे सगळ्या रडण्यावरचं औषध नव्हे. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाच्या बाबतीत पुरावा तसा बेताचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनाही २०२२ च्या मार्गदर्शनात एवढंच म्हणते, की अशा बाळाला हलकी मालिश करता येईल, त्याच्या वाढीला त्याने मदत होऊ शकते.

इथे आपल्या रिवाजातली एक अडचण दिसते. बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात वाढतं, तेही बहुधा संध्याकाळी. आणि सव्वा महिना संपला की नेमक्या त्याच सुमाराला मावशी यायच्या बंद होतात. म्हणून चौथ्या आठवड्यातच घरातल्या कुणीतरी पाटावर बसून शिकून घ्यावं. या घरात ते बाबाने शिकायचं ठरवलं आहे. त्याला मांडी मोडून पाय पसरून बसणंच जमत नाही, म्हणून मावशींनी त्याला पलंगावर चादर अंथरून दिली आहे. त्याचा हात अजून घाई करतो. मावशी शेजारी उभ्या राहून मोठ्याने आकडे मोजतात, पाच होईपर्यंत त्याने गुडघ्याच्या खाली जायचं नाही.