हँडलवरचा उजेड

श्रोतेहो, नमस्कार.

गव्हा-हरभऱ्याचं ओलित आणि मोटारीची लाईन रात्रीची, म्हणजे सायकल काढून पांदणीनं वावरात जाणं आलंच. दोन वर्षांपूर्वी असाच निघालो, तर वीस मिनिटांत हँडलवरचा लाईट विझला. चार्ज पूर्ण होता. चूक माझीच होती: तो लाईट मी अख्खा मे महिना अंगणात, उन्हातल्या सायकलवरच राहू दिला होता.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. उन्हात ठेवलेल्या लाईटच्या आत तर त्याहून जास्त तापतं. अशा लाईटमधला लिथियमचा सेल उष्णतेनं लवकर म्हातारा होतो, आणि एकदा गेलेली ताकद परत येत नाही. म्हणून उन्हातून आणलेला लाईट लगेच चार्जिंगला लावू नका, थंड होऊ द्या. महिनोन् महिने लागणार नसेल तर सेल अर्धा भरून सावलीच्या, कोरड्या खोलीत ठेवा. जुन्या, शिशाच्या बॅटरीच्या टॉर्चला मात्र उलटी सवय लागते. ती सतत भरलेली ठेवावी लागते, रिकामी राहिली की खराब होते. घरात दोन्ही असतील तर गल्लत होते, माझी झाली आहे.

विकत घेताना काय बघायचं? सेलवर 18650 लिहिलेलं असतं. म्हणजे 18 मिलिमीटर जाडी, 65 मिलिमीटर लांबी. बाजारात अशा सेलवर 9900 एमएएच छापलेलं दिसतं. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप; 1000 एमएएच म्हणजे एक अँपिअर तासभर. ते धादांत खोटं आहे. या आकारात चांगल्या कंपनीचा सेल साधारण 2500 ते 3500 एमएएचचा असतो. खरा सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा, फारच हलका निघाला तर घेऊ नका. लाईट अर्धा अँपिअर घेत असेल तर 2500 एमएएचचा सेल अंदाजे पाच तास चालतो, म्हणजे ओलिताची रात्र बरीचशी निघते.

पेन्सिल सेलचा लाईट असेल तर निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्या. साधा सेल दीड व्होल्टचा, हा 1.2 व्होल्टचा, पण बहुतेक लाईट त्यावर व्यवस्थित चालतात. जुना-नवा सेल जोडीला लावू नका. कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलटा चार्ज करून पार निकामी करतो.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. दिवाळीनंतर आपल्या घरांत कापसाचे ढीग असतात. त्या खोलीत चार्जिंग अजिबात करू नका. मोकळ्या फरशीवर, डोळ्यांसमोर करा. फुगलेला, दबलेला किंवा पाणी गेलेला सेल पुन्हा चार्जरला लावायचाच नाही. चुलीत टाकला तर तो फुटतो, आणि उकिरड्यावर टाकला तर शेणखताबरोबर आपल्याच वावरात येतो. टोकांना चिकटपट्टी लावून, कोरड्या डब्यात घालून तालुक्याला जाल तेव्हा जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे द्या.